रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'टेट२' किंवा 'डीएनएमटी३ए' आलं. हार्टशी त्याचा काय संबंध?

कंबर_तलाव (धागाकर्ता)

रक्ताचं एनजीएस पॅनेल, म्हणजे बरीच जनुकं एकदम वाचणारी तपासणी, पूर्वी ल्युकेमियाचा संशय असेल तरच व्हायचं. आता इतर कारणांनीही होतं, आणि सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये 'टेट२, व्हीएएफ १४ टक्के' अशी एखादी ओळ निघते. (टेट२, डीएनएमटी३ए ही जनुकांची नावं; व्हीएएफ म्हणजे त्या जनुकाच्या बदललेल्या प्रतींचा वाटा.) कॅन्सर नाही असं सांगून डॉक्टर पुढे म्हणतात, हार्टची काळजी घ्या. घरचे लोक नेमके इथे अडकतात. म्हणून हा धागा. मला माहीत आहे तेवढं मांडतो, लॅबवाल्यांनी आणि औषधवाल्यांनी भर घालावी.

बोन मॅरोतल्या प्रत्येक स्टेम सेलमध्ये वर्षाला साधारण १७ नवी म्युटेशन्स (डीएनएतले बदल) साठत जातात. बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादं मात्र अशा जनुकात पडतं की ती पेशी शेजारच्या पेशींपेक्षा थोडी जास्त टिकते आणि थोडी जास्त वाढते. काही दशकांत तिचा गोतावळा, म्हणजे क्लोन, रक्तात मोजण्याइतका होतो. तरुणपणी अंदाजे २० हजार ते २ लाख स्टेम सेल मिळून रक्त बनवतात. पंचाहत्तरीनंतर १२ ते १८ क्लोनच ३० ते ६० टक्के रक्त बनवत असतात. गावभरचे माग बंद पडत जावेत आणि बाजारातला निम्मा माल मोजक्या शेडमधून यावा, तसा प्रकार.

असा क्लोन ल्युकेमियाशी संबंधित जनुकातला असेल, त्याचा व्हीएएफ २ टक्के किंवा जास्त असेल, आणि रक्ताचा कॅन्सर किंवा पेशींची कमतरता नसेल, तर त्याला २०१५ पासून 'चिप' म्हणतात. चाळिशीच्या आत हे क्वचित सापडतं. सत्तरीत दहातल्या एकाला, नव्वदीपुढे जवळपास पाचातल्या एकाला.

हार्टशी दुवा २०१४ मध्ये हाती लागला. चिप असलेल्यांचे मृत्यू जास्त होते, पण ते ल्युकेमियाने होत नव्हते. आकडे हृदयविकार आणि स्ट्रोककडे बोट दाखवत होते. २०१७ मध्ये सिद्धार्थ जैस्वाल आणि सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दाखवलं की चिप असलेल्यांत कोरोनरी (हृदयाच्या धमन्यांच्या) आजाराचं प्रमाण १.९ पट आहे, आणि कमी वयात हार्ट ॲटॅक आलेल्यांत चिप सापडण्याची शक्यता ४ पट.

का, तर म्युटेशन असलेल्या स्टेम सेलपासून मोनोसाइट या पांढऱ्या पेशीही बनतात. तेच मोनोसाइट धमनीच्या भिंतीत शिरून मॅक्रोफेज होतात, कोलेस्टेरॉल गिळतात आणि प्लाक, म्हणजे भिंतीतला चरबीचा थर, बनवतात. टेट२ बिघडलेला मॅक्रोफेज हेच काम जास्त चिडून करतो. त्याच्यातला एनएलआरपी३ इन्फ्लेमासोम (सूज, म्हणजे इन्फ्लमेशन, सुरू करणारी यंत्रणा) जास्त चालतो आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज वाढवणारं प्रथिन जास्त सुटतं. होझे फुस्टर आणि केनेथ वॉल्श यांच्या गटाने २०१७ मध्येच उंदरांवर हे दाखवलं. बोन मॅरोत फक्त १० टक्के पेशी टेट२ नसलेल्या घातल्या, तरी त्या वाढत गेल्या आणि प्लाक मोठा झाला. एनएलआरपी३ अडवणारं औषध दिल्यावर तो फरक गेला.

---

सातरस्ता_लॅब

चांगली मांडणी. एक दुरुस्ती लगेच करतो, कारण घोळ इथूनच सुरू होतो.

पॅनेल कशासाठी काढलं ते आधी विचारा. हिमोग्लोबिन पुरुषात १३ च्या खाली, बाईत १२ च्या खाली, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १८०० च्या खाली किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, यातलं एखादं कारणाशिवाय टिकून असेल आणि सोबत म्युटेशन असेल, तर ती चिप राहत नाही. त्याला 'सीकस' म्हणतात आणि तो हिमॅटॉलॉजिस्टच्या (रक्तविकारतज्ज्ञाच्या) फॉलोअपचा विषय आहे. हार्टची चर्चा त्यानंतर.

आता रिपोर्ट वाचायचा कसा.

व्हीएएफ म्हणजे त्या जागेच्या एकूण रीड्सपैकी (मशीनने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांपैकी) किती टक्के रीड्समध्ये बदल दिसला. आपल्याकडे जनुकाच्या दोन प्रती, बदल बहुधा एकीतच. म्हणून व्हीएएफ १४ टक्के म्हणजे साधारण २८ टक्के पेशी म्युटेशनवाल्या. हे दुप्पट करायचं लोक विसरतात.

डेप्थ, म्हणजे ती जागा किती वेळा वाचली, ते बघा. १०० एक्स डेप्थला २ टक्के म्हणजे फक्त २ रीड्स. ते म्युटेशन आहे की मशीनची चूक, कोणीच सांगू शकत नाही. १००० एक्सला २ टक्के म्हणजे २० रीड्स, तिथे बोलता येतं. रिपोर्टवर डेप्थ छापलेलीच नसेल तर लॅबला फोन करून मागा, देतात.

आणि व्हीएएफ ५० च्या आसपास असेल तर थांबा. तो क्लोन नसून जन्मतः आलेला बदल असू शकतो. उलट बाजूची चूकही होते. आनुवंशिक कॅन्सरच्या पॅनेलमध्ये टीपी५३ या जनुकातला बदल निघतो, सगळं घर हादरतं, आणि व्हीएएफ बघावा तर १५ टक्के. ते वयाने आलेलं, रक्तापुरतं असण्याची शक्यता जास्त. खात्री करायची तर त्वचेच्या तुकड्यातून फायब्रोब्लास्ट पेशी वाढवून त्यांचा डीएनए तपासतात. लाळ देऊन काम भागत नाही, कारण लाळेत पांढऱ्या पेशीच भरपूर असतात.

---

आकडेमोड

वरचे आकडे खरे आहेत, पण सगळेच एका वजनाचे नाहीत. १२ ते १८ क्लोनवाला २०२२ चा अभ्यास एकूण १० माणसांवरचा आहे. फार खोल, पण माणसं दहाच.

१.९ पट आणि ४ पट हे सुरुवातीच्या अभ्यासांचे आकडे. २०२२ मध्ये यूके बायोबँक आणि अमेरिकेतली गाइसिंगर ही आरोग्यसंस्था मिळून सहा लाखांहून जास्त लोकांच्या डेटात हाच संबंध तपासला, तेव्हा हृदयविकाराचा जादा धोका खूपच कमी निघाला, साधारण १.१ च्या घरात. त्यावरून बरीच जुंपली.

तफावतीची कारणं समजण्यासारखी आहेत. अशा मोठ्या अभ्यासांत एक्झोम (जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग) वाचतात, त्याची डेप्थ कमी, त्यामुळे लहान क्लोन निसटतात. गाळणी नीट लावली नाही तर सिक्वेन्सिंगच्या चुका चिप म्हणून मोजल्या जातात आणि खरा परिणाम पातळ होतो. बायोबँकेत स्वतःहून येणारे लोक सरासरीपेक्षा तब्येतीने बरे असतात. आणि वय! वय चिपही वाढवतं, हार्ट ॲटॅकही वाढवतं. वयाचा हिशेब थोडा ढिला धरला की खोटा संबंध उभा राहतो.

घरगुती हिशेब असा करा. एखाद्याचा दहा वर्षांचा धोका चिप न धरता १५ टक्के आहे. १.९ ने गुणलं तर २८ च्या आसपास, १.१ ने गुणलं तर साडेसोळा. खरं उत्तर जनुक आणि क्लोनचा आकार यांवर अवलंबून आहे. सगळ्यांना सरसकट 'दुप्पट धोका' म्हणून सांगणं मला पटत नाही.

---

कंबर_तलाव

मान्य. मग जनुकवार बोलू.

डीएनएमटी३ए सगळ्यात जास्त सापडतं आणि हार्टच्या बाबतीत त्यातल्या त्यात सौम्य. टेट२ दुसरं, आणि उंदीर व माणूस दोन्हीकडचा पुरावा इथे सगळ्यात जुळणारा. एएसएक्सएल१ तिसरं. जॅक२ व्ही६१७एफ कमी सापडतं, पण सापडलं तर तेच सगळ्यात गंभीर. २०१७ च्या अभ्यासात त्याचा धोका १२ पट होता. तिथे नुसती सूज नाही, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. म्हणून जॅक२ आलं की हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं प्रमाण) आणि प्लेटलेट त्याच आठवड्यात बघायचे. पॉलिसायथेमिया (लाल पेशी फार वाढणं) किंवा ईटी (प्लेटलेट फार वाढणं) हा आजार लपलेला नाही ना, हे आधी ठरवायचं.

आकाराचं म्हणाल तर १० टक्के व्हीएएफच्या वरचे क्लोन जास्त त्रासदायक. २ ते ३ टक्केवाल्या एकट्या डीएनएमटी३ए साठी कुणाची झोप उडू नये.

---

बाळीवेस

आधी कोंबडी की आधी अंडं बे? ब्लॉकेज असल्यामुळे अंगात सूज राहते, आणि सुजेमुळे हे क्लोन वाढत असतील तर? मग ह्या चिपचा हार्टला काय दोष!

---

आकडेमोड

प्रश्न नेमका आहे, आणि यावर संशोधकांतही मतभेद होते. २०२१ मध्ये एका गटाने मांडलं होतं की एथेरोस्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे धमन्यांत प्लाक साठण्याच्या आजारात, स्टेम सेल जास्त वेगाने विभागतात, म्हणून क्लोनही लवकर वाढतात. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

मग माद्रिदच्या पेसा अभ्यासात मध्यमवयीन, लक्षणं नसलेल्या लोकांच्या धमन्यांचे स्कॅन आणि रक्त काही वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासलं. २०२४ मध्ये निकाल आला. आधी चिप असलेल्यांच्या मांडीच्या धमनीत नवा प्लाक जास्त तयार झाला. आधी प्लाक असलेल्यांचे क्लोन मात्र जास्त वेगाने वाढले नाहीत. त्यामुळे बाण चिपकडून धमनीकडे जातो, असं सध्या मानायला हरकत नाही.

---

पार्कचौक_फार्मा

औषधांचं मी लिहिते, कारण मेडिकलच्या काउंटरवर येणारे प्रश्न याच प्रकारचे आहेत.

कॅनाकिनुमॅब इंटरल्युकिन-१ बीटाला अडवतं. २०१७ चा कॅन्टोस ट्रायल, १०,०६१ पेशंट, सगळ्यांना आधी हार्ट ॲटॅक आलेला आणि एचएस-सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) २ किंवा वर. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनने पुढचे झटके, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. जीवघेणी इन्फेक्शन्स मात्र वाढली. नंतर साठवलेल्या नमुन्यांत चिप शोधली तर टेट२ वाल्यांत ही घट ६० टक्क्यांहून जास्त दिसली. आकडा डोळे दिपवणारा, पण ते पेशंट थोडे आणि विश्लेषण नंतर केलेलं. हृदयविकारासाठी अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली नाही. कुणी 'टेट२ साठी मागवून देतो' म्हणालं तर तिथून निघा.

कोल्चिसिन हा खरा काउंटरवरचा विषय. स्वस्त, गाउटसाठी घरोघरी माहीत. रोज ०.५ मिलिग्रॅम दिल्यावर जुन्या कोरोनरी पेशंटमध्ये लोडोको-२ ट्रायलमध्ये, २०२० साली, हृदयविकाराच्या अशा घटनांत ३१ टक्के घट दिसली. अमेरिकेत २०२३ मध्ये हार्टसाठी मंजूर झालं. पण २०२४ च्या क्लिअर सिनर्जी ट्रायलमध्ये, सात हजारांवर ताज्या हार्ट ॲटॅकच्या पेशंटमध्ये, फायदा दिसला नाही. टेट२ वाल्या उंदरांत कोल्चिसिनने प्लाक कमी झाला हे खरं. चिपसाठी म्हणून माणसाला द्यावं असं अजून सिद्ध नाही.

आणि हे मनाने घ्यायचं औषध नाहीच. ईजीएफआर (किडनीच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली असेल तर टाळतात. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, व्हेरापामिल, डिल्टियाझेम यांपैकी काही चालू असेल तर रक्तातलं कोल्चिसिन वाढतं. छातीच्या इन्फेक्शनला पाच दिवस क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं जातं, आणि कोल्चिसिन चालू आहे हे सांगायचं राहून जातं. आधी जुलाब, मग स्नायूदुखी, स्टॅटिन सोबत असेल तर आणखी. जास्त झालं तर बोन मॅरो दबतो आणि पेशी घटतात. मग तोच सीबीसी बघून वाटतं, क्लोन बिघडला!

---

बाळीवेस

व्हिटॅमिन सी चं काय ताई? लोक मोबाइलवर बघून बाराशे-पंधराशे मिलिग्रॅम खाऊलालेत.

---

पार्कचौक_फार्मा

मूळ कल्पना खोटी नाही. टेट२ हे एन्झाइम चालायला लोह लागतं आणि व्हिटॅमिन सी त्याला मदत करतं. २०१७ मध्ये उंदरांत भरपूर व्हिटॅमिन सी ने टेट२ चं काही काम परत आल्यासारखं दिसलं. माणसाच्या हार्टवर त्याचा फायदा कुठल्याही ट्रायलमध्ये दिसलेला नाही. ग्रॅमच्या हिशेबात रोज खाल्लं तर ऑक्झलेटचे मुतखडे होऊ शकतात. सोलापूरचा मे महिना, ४३-४४ डिग्री, पाणी कमी पिणारी माणसं; मुतखड्याला आणखी निमंत्रण कशाला! पेरू आणि आवळा खा, गोळ्यांची गरज नाही.

मेटफॉर्मिनबद्दलही विचारलं जाईल म्हणून आत्ताच. २०२५ मध्ये नेचरमध्ये आलं की डीएनएमटी३ए वाल्या उंदरांच्या पेशींची आघाडी मेटफॉर्मिनने कमी होते. शुगर नसताना चालू करायला तेवढं पुरत नाही. शुगरसाठी चालू आहे त्यांनी चालू ठेवावं, आणि वर्षातून एकदा बी-१२ बघावं.

---

सातरस्ता_लॅब

बी-१२ चा विषय निघाला ते बरं झालं. साध्या सीबीसीतच दोन आकडे बघण्यासारखे आहेत : एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर आणि आरडीडब्ल्यू (त्यांच्या आकारातली तफावत) १५ किंवा वर. क्लोन पुढे ब्लड कॅन्सरकडे जाईल का, याचा जो रिस्क स्कोअर वापरतात त्यात हे दोन्ही आहेत. सोबत वय ६५ च्या पुढे, पेशींची कमतरता, व्हीएएफ २० टक्के किंवा जास्त, आणि एकापेक्षा जास्त म्युटेशन्स. एकटं डीएनएमटी३ए असेल तर स्कोअर खाली येतो. तो स्कोअर हार्टचा नाही, हे पेशंटला स्पष्ट सांगावं लागतं. एकूण चिपवाल्यांत कॅन्सरकडे जाण्याचं प्रमाण वर्षाला अर्धा ते एक टक्का.

पण आपल्याकडे एमसीव्ही १०८ दिसला की पहिला संशय बी-१२ वर. शाकाहारी घर, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, ॲसिडिटीची गोळी. मग दारू, थायरॉइड, लिव्हर. उलट लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर एमसीव्ही ९० दाखवतो, सगळं छान वाटतं, आणि आरडीडब्ल्यू १९ असतो. हे सगळं तपासल्यावर मगच एनजीएस.

एचएस-सीआरपी काढायची तर दोनदा, मध्ये दोन आठवडे. ताप, दाताचा गळू, लघवीचं इन्फेक्शन असताना काढू नका. १० च्या वर आली तर तो आकडा हार्टसाठी धरायचाच नाही, पुन्हा काढायचा. आणि एचएस-सीआरपी कमी आली म्हणून चिप नाही, असं होत नाही.

नमुन्याचं : जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, ३ ते ४ मिली, काढल्याबरोबर ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटसुलट. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नको, पीसीआर (डीएनएच्या प्रती करण्याची पायरी) अडतो. पुण्या-मुंबईला पाठवताना जेल पॅक, पण ट्यूब आणि पॅकच्या मध्ये कापड किंवा बबल शीट हवी. ट्यूब थेट गोठलेल्या पॅकला टेकली तर रक्तपेशी फुटतात. उन्हाळ्यात दुपारी कुरिअरच्या गाडीत पडलेला डबा हे नमुना नाकारला जाण्याचं नेहमीचं कारण आहे, म्हणून संध्याकाळचं पिकअप घ्या. शनिवारी पाठवू नका.

---

होटगीरोड_हार्ट

उपचाराच्या बाजूने बोलतो. चिप सापडली म्हणून हार्टचं कुठलंही वेगळं औषध सध्या मिळत नाही. मिळतं ते कारण, ढिले धरलेले नेहमीचे आकडे घट्ट धरायचं.

वरच्या उदाहरणात थोडी भर घालून बघू : ७४ वर्षं, बायपास झालेला, टेट२, १४ टक्के. याचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ८५ असेल आणि घरात 'नॉर्मल आहे' म्हणत असतील, तर ते नॉर्मल नाही. अशा पेशंटला ५५ च्या खाली हवा. स्टॅटिनचा डोस वाढवा, नाही आला तर इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडा, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा लिपिड काढा. बीपी सोसवत असेल तर १३०/८० च्या खाली. वृद्ध माणूस असेल तर उभं राहून मोजलेलं बीपीही बघा, नाहीतर पडतील. ॲस्पिरिन आधीपासून आहे ते चालू राहील. ज्याला कधी हार्टचा आजार नाही त्याला फक्त चिपसाठी ॲस्पिरिन सुरू करू नये. सत्तरीत पोटातल्या रक्तस्रावाचा धोका त्यापेक्षा जवळचा असतो. जॅक२ चा हिशेब वेगळा, तो हिमॅटॉलॉजिस्ट ठरवतील.

हार्ट फेल्युअरचं कुणी बोललं नाही. २०१९ मध्ये जर्मनीतल्या २०० पेशंटच्या अभ्यासात, झटक्यानंतर पंपिंग कमी झालेल्यांपैकी टेट२ किंवा डीएनएमटी३ए वाल्यांची प्रकृती जास्त बिघडली. म्हणून ज्याचा इको जुना आहे त्याचा नवा करून ठेवणं वावगं नाही. दर सहा महिन्यांनी नको.

आणि धूर. चिपचा, त्यातही एएसएक्सएल१ चा, धूम्रपानाशी संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. तो डेटा मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांचा. पण बिडीला त्यातून सूट नाही. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात बिडी ओढणाऱ्यांत आणि तंबाखू चघळणाऱ्यांतही हार्ट ॲटॅकचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. बिड्या वळणाऱ्या गावात हे ऐकायला कोणाला आवडत नाही. 'ओढत नाही, फक्त मशेरी लावते' हे उत्तरही मी तंबाखूमध्येच धरतो.

---

बाळीवेस

वाय क्रोमोसोमचं पण काहीतरी आहे म्हणे, पुरुषांचं?

---

कंबर_तलाव

आहे. वयानुसार पुरुषांच्या काही रक्तपेशींतून वाय क्रोमोसोमच गळून जातो. सत्तरीच्या सुमारास चाळीस टक्क्यांच्या आसपास पुरुषांत हे मोजता येतं. २०२२ मध्ये सायन्समध्ये उंदरांवर दाखवलं की अशा मॅक्रोफेजमुळे हृदयाच्या स्नायूत तंतू जमतात, हृदय कडक होतं. एनजीएसच्या या पॅनेलमध्ये हे दिसत नाही, आणि त्यासाठी मुद्दाम टेस्ट करण्यात आज अर्थ नाही.

---

जुनी_मिल

वाचतोय. दोनच प्रश्न. टेट२ आलेल्या माणसाच्या मुलांची, भावंडांची टेस्ट करायची का? आणि पॅनेल परत कधी?

---

सातरस्ता_लॅब

मुलांची, भावंडांची नको. हे म्युटेशन बोन मॅरोतल्या एका पेशीत नंतर झालेलं आहे, ते वारशाने जात नाही. टर्टसारख्या काही जनुकांतल्या जन्मजात फरकांमुळे चिप होण्याची प्रवृत्ती थोडी कमीजास्त असते, पण त्यावरून घरच्यांची टेस्ट करत नाहीत. व्हीएएफ ५० च्या आसपास असेल तर मात्र हे उत्तर लागू नाही, वर लिहिलंय. आणि त्या माणसाचा भाऊ कधी बोन मॅरो दाता म्हणून पुढे आला, तर ती टीम वयस्कर दात्याचं काय तपासायचं ते ठरवेल.

पॅनेल परत : सीबीसी सहा महिन्यांनी, मग वर्षाला. सीबीसी स्थिर असेल तर एनजीएस वर्षभराने एकदा पुरे, आणि त्याच लॅबला, त्याच पॅनेलवर. लॅब बदलली की १४ चे १७ झाले तरी तो क्लोन वाढला म्हणता येत नाही. त्याच लॅबमध्ये १४ चे १५ झाले तर तोही फरक धरू नका. १४ चे २५ झाले, किंवा आधी नसलेलं दुसरं जनुक आलं, तर मात्र वर्ष थांबायचं नाही. जुना रिपोर्ट पीडीएफमध्ये ठेवा, फोटो नको. व्हीएएफ आणि डेप्थची बारीक ओळ फोटोत वाचता येत नाही.

---

जुनी_मिल

ठीक. पीडीएफ मागवतो, डेप्थ कळली की इथेच टाकतो.